सुनेची पेशंट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गादीला खोळ चढवणं. एरवी ते काम आमची सून सोनाली करायची. त्या दिवशी तिची दवाखान्यात ड्युटी होती, म्हणून माझा नंबर लागला. आजारी बायकोला, इंदूला, मी धरून खुर्चीत बसवलं आणि गादीशी झटापट सुरू केली. ती बसल्या जागेवरून खोळीचं एक टोक धरून होती. "अहो, कोपऱ्यात कोपरा घाला ना. उभा जन्म कपडा विणला अन् खोळ चढवता येत नाही तुम्हाले." मी म्हणालो, "विणणारा वेगळा, चढवणारा वेगळा. एका माणसाकडून किती कामं घेते तू?" ती हसली. बऱ्याच दिवसांनी माझ्या बोलण्यावर हसली होती, मला बरं वाटलं. मग आडवी होता होता म्हणाली, "सोनालीची परीक्षा राहून गेली माझ्यापायी. तिले म्हणा, फारम भरून टाक." झालं. माझ्या वाट्याला तेवढं हसणं, पुढचं सगळं सुनेचं. दुसऱ्या दिवशी दुपारी इंदू गेली.

आता महिना उलटून गेला. ओळखीचे लोक म्हणाले, तिच्याबद्दल चार शब्द लिहा. मी सातवीपर्यंत शिकलेला, पावरलूमवर म्हातारा झालेला माणूस. मला फुलं वाहिल्यासारखं लिहिता येत नाही. जे झालं ते सांगतो. शेवटचं दीडेक वर्ष माझी बायको माझ्यापेक्षा सुनेची जास्त होती, आणि त्यामुळे मी जळत होतो. अजून जळतो.

सोनाली नर्स आहे. गावातल्याच एका खाजगी दवाखान्यात. काम मरणाचं आणि पगार सांगण्यासारखा नाही, म्हणून बाहेरदेशी जायचं तिनं मनात घेतलं. आमचा राजू मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला मत विचारलं की तो ड्रॉवरमध्ये चार्जर शोधायला लागतो. मग विचार करायला उरल्या सासू आणि सून. दुपारी सोनाली ड्युटीवरून आली की दोघी खाटेवर बसायच्या, मधे मोबाइल, आणि भाजी निवडावी तसे देश निवडायच्या. आयर्लंड घरभाड्यापायी बाद झालं. एक देश फार थंड म्हणून इंदूनं बाद केला, जसं काही तिलाच तिथं धुणं वाळत घालायचं होतं. शेवटी दोन उरले. एक कुवेत. तिथं भाषेची परीक्षा नाही, बोलावणं लवकर येतं, पण बाई एकटी जाते, पोरं मागं राहतात. दुसरं जर्मनी. तिथं आधी भाषा शिका, अवघड परीक्षा द्या, पण एकदा बस्तान बसलं की नवरा आणि पोरं नेता येतात.

मी कुवेतच्या बाजूनं होतो. कारण लपवण्यात काय अर्थ... पिहू आणि वंश माझ्याजवळ राहिले असते. पिहू दुसरीत, वंश अजून बालवाडीत. त्यांना शाळेत मी सोडतो, आणतो मी, शेंबूड मी पुसतो. इंदूला पोरं नको होती असं नाही. ती तर वंशला भरवल्याशिवाय जेवत नव्हती. तरी तिनं सुनेची बाजू धरली, आणि ती कुठं धरली ते मला नक्की माहीत आहे. नेपानगरला.

सोनालीसोबत काम करणारी एक नर्स आधीच कुवेतला गेली होती. तिचं सासर नेपानगरचं. तिच्या दिराच्या हळदीला आम्ही गेलो होतो. तिथं त्या नर्सचा व्हिडिओ कॉल आला. तिचा मुलगा असेल चार-पाच वर्षांचा. आजीच्या पदरात तोंड खुपसून बसला, काही केल्या फोनकडे पाहीना. "बेटा, मम्मी है, बात कर," सगळे म्हणत होते. त्यानं पदर आणखी घट्ट धरला. बायका हसल्या, "ये तो दादी का ही हो गया!" त्या आजीचं तोंड मला अजून आठवतं. लाजली होती, पण आतून फुलली होती. मला तिचा हेवा वाटला. इतका की समोरच्या ताटातली बुंदी गोड लागेना.

परतताना बसमध्ये मी इंदूला म्हणालो, "पाहिलं का? कसं चिकटलं होतं पोरगं आजीले. आपला वंश बी तसाच राहील."

इंदू खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, "मी पोराले नाही पाहिलं. मी फोनमधल्या पोरीले पाहत होते. हसत होती अन् घडीघडी तोंड बाजूला करत होती." आमचं बुऱ्हाणपूर जवळ आल्यावर परत बोलली, "पोरं मायसोबत जातील. जर्मनी म्हणजे जर्मनी."

"अन् आपण?"

"आपल्याले काय झालं? आपण दोघं हाओत ना एकमेकांले."

हे ती बोलली होती. माझ्या कानानं ऐकलंय. लूमच्या खडखडाटात अर्धे गेलेले असले तरी त्या कानांनी हे नीट ऐकलंय.

मग जर्मन सुरू झालं. सोनालीचा क्लास मोबाइलवर, आणि परीक्षेत नर्सनं पेशंटशी बोलून दाखवायचं असतं. पेशंट कुठून आणायचा? इंदू झाली पेशंट. चौथी पास बाई, पण सुनेनं रोज घोकून घेतलं तर चार-दोन वाक्यं तिला यायला लागली. रोज दुपारी ती खाटेवर पांघरूण घेऊन पडायची आणि सोनाली दारातून ऐटीत यायची. "हाबन झी श्मेर्त्सन?" म्हणजे, दुखतं का कुठं. इंदू कण्हून म्हणायची, "या, या," म्हणजे हो, हो. सोनालीच्या कागदावर रोज वेगळं दुखणं असायचं. एक दिवस पाय मोडलेला, एक दिवस साखर वाढलेली. इंदूचा अभिनय एवढा रंगायचा की मधेच मराठीत सुरू व्हायची, "तुमच्या दवाखान्यातला चहा पांचट आहे, डॉक्टरले बोलवा." मग दोघी लोळायच्या हसून. मी बाहेर ओट्यावर बसलेला. माझ्याशी लग्न झाल्यापासून ती इतकी कधी हसली असंल, मी आठवून पाहायचो, आठवायचं नाही.

एकदा न राहवून मी आत डोकावलो. "या वयात कुठं नोकरीले लागायचंय तुले?"

"जळू नका," इंदू पांघरुणातूनच म्हणाली. "तुमचे कान गेले, माझी जीभ शाबूत आहे. या, तुम्ही वॉर्डबॉय व्हा."

"मी नाही होत कोणाचा वॉर्डबॉय."

"मग दार लावा बाहेरून. पेशंटले आराम करू द्या."

सोनाली तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी दार लावलं, आपटूनच.

दुखणं त्या खेळातच सापडलं. सोनालीनं नंतर आम्हाला सांगितलं. कागदावर त्या दिवशी हात भाजलेला होता, पण इंदूनं दाखवला पोटाचा उजवा भाग. आदल्या दिवशी पाय मोडला होता तेव्हाही हात तिथंच. सोनालीनं पुस्तक मिटलं, पांघरूण काढलं आणि मराठीत विचारलं, "आई, खरं सांगा, इथं कधीपासून दुखतंय?" इंदू म्हणाली, बरेच दिवस झाले, आधी वाटलं ॲसिडिटी. इंदूरला नेलं. पित्ताच्या पिशवीत गाठ निघाली, पुढं पसरलेली. डॉक्टर सोनालीला बाजूला घेऊन बोलले, आणि मी व्हरांड्यात राजूसोबत भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत राहिलो.

लोक म्हणतात, सून नशिबानं मिळाली, तिच्यामुळं निदान कळलं तरी. मी मान हलवतो. पण मनात काय येतं ते सांगू? एवढा संसार झाला, एका ताटात जेवलो, मी आजारी पडलो तर हिला माझ्या आधी कळायचं. आणि हिनं आपलं दुखणं दाखवलं कोणाला, तर सुनेला. तेही परक्या भाषेच्या खेळात, दार लावून. एकदा मी तिला विचारलंच, "मले काहून नाही सांगितलं?" ती म्हणाली, "तुम्ही घाबरता." मी म्हणालो, "अन् ती?" तर म्हणे, "तिचं कामच आहे ते."

आजारपणात तर मी घरचा पाहुणाच झालो. गोळी सोनालीच्या हातची, अंग पुसायचं सोनालीनं, पाणी मी नेलं तरी इंदू पेला बाजूला ठेवून विचारायची, सोनाली आली का? सोनालीनं क्लास सोडून दिला, त्यावरून दोघींचं भांडण झालं. तेवढं भांडण ऐकून मला बरं वाटलं. पण संध्याकाळी पाहतो तर सोनाली तिच्या उशाशी डोकं टेकून झोपलेली, आणि इंदू झोपेतही तिच्या डोक्यावर हात ठेवून.

खोळ घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं. इंदूनं बर्फ मागितला, चोखायला. फ्रिजमधला तिला नको होता, त्याला वास येतो म्हणे. मला बरं वाटलं, आज काहीतरी माझ्याकडे मागितलं. मी छत्री न घेता राजपुऱ्यातल्या बर्फवाल्याकडे निघालो, तिथून लादीचा बर्फ फोडून आणला, टॉवेलात गुंडाळून. आलो तर सोनाली खाटेवर बसलेली होती, इंदूचा हात हातात. सोनालीच्या तोंडाकडे पाहून मला कळलं. बर्फ मी किती वेळ धरून उभा होतो, माहीत नाही. पँट ओली झाली.

"काय बोलली शेवटी?"

"काही नाही, बाबा. झोपेतच..."

दोन दिवसांनी मी परत विचारलं, दहाव्याला तापीकाठच्या राजघाटावर परत विचारलं. दर वेळी तेच, काही नाही बोलल्या. माझा विश्वास नाही. काहीतरी बोलली असंल, आणि ते सोनालीजवळ आहे. राजघाटावर सगळ्या बायका आधी सोनालीच्या गळ्यात पडल्या. माझी मेहुणी तिचे डोळे पुसत म्हणाली, "पोरी, माय गेली तुझी." मी तापीच्या पाण्यात पाय सोडून बसलो होतो. बायको माझी गेली होती, पण मला कोणी म्हणालं नाही तसं.

मागच्या आठवड्यात जेवताना सोनालीनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "बाबा, मी जर्मनीचं सोडून देते. कुवेतचं बोलावणं आलंय. पोरं तुमच्याजवळ राहतील. तुम्ही एकटे कसे राहाल? घर खायला उठेल तुम्हाले." राजू ताटातली भाकरी चिवडत राहिला. मी जे दीड वर्ष मागत होतो ते आपण होऊन माझ्या पुढ्यात आलं होतं. अडवणारं कोणी उरलं नव्हतं. मी म्हणालो, "बरं." आणि हात धुतले.

पण अंथरुणावर पडल्यावर मला नुसता राग येत राहिला. आधी वाटलं सोनालीवर येतोय. मग वाटलं इंदूवर, आपण दोघं हाओत म्हणाली आणि गेली. मग नीट कळलं. इंदूसाठी जे जे करायचं होतं ते सगळं सोनालीनं करून ठेवलं होतं. दुखणं तिनं ओळखलं, सेवा तिनं केली, शेवटचा हात तिनं धरला, रडली पण तीच जास्त. माझ्या वाट्याला काही ठेवलं नव्हतं तिनं. आणि आता ही बाई इंदूचं शेवटचं म्हणणं मोडायला निघाली होती, माझ्यासाठी. तिला जर्मनीला जा म्हणणारं आता माझ्याशिवाय कोणी नव्हतं. राजू म्हणणार नाही, ती आपल्या तोंडानं म्हणू शकत नाही. इंदूचं एवढं एक काम उरलं होतं जे सुनेच्या हातून होणारच नव्हतं. इंदूचं म्हणणं मी तिला कसं मोडू देऊ?

सकाळी मी सोनाली ड्युटीवर जाण्याआधी म्हणालो, "कुवेतवाल्याले नाही म्हणून कळव. दुपारपासून क्लास लाव." ती काही बोलायला लागली तर म्हणालो, "मले शिकवू नको. इंदूनं मले सांगून ठेवलंय, परीक्षेचा फारम भर." ती दारात उभी राहून रडली. मी नाही रडलो, मला पोरांना आंघोळ घालायची होती.

दोघांना न्हाऊ-माखू घालून, भांग पाडून, मी चौकातल्या फोटो स्टुडिओत घेऊन गेलो. पासपोर्टचे फोटो काढायचे होते. पिहू शहाण्यासारखी बसली, तोंड मिटून, सरळ पाहत. वंश मात्र स्टुलावर एकटा बसेना. रडायला लागला, माझा शर्ट सोडेना. फोटोवाला म्हणाला, "काका, फोटो में दूसरा कोई नहीं आना चाहिए." मग मी स्टुलामागं जमिनीवर बसलो, पांढऱ्या पडद्याखाली, आणि खालून त्याची कंबर धरून ठेवली. "हात दिखेगा, और नीचे," तो म्हणाला. मी हात आणखी खाली घेतला. वंश गप्प झाला, समोर पाहायला लागला. मला वरती काही दिसत नव्हतं, नुसती त्याची चड्डी आणि हलणारे पाय. फोटो निघाला तो मी पाहिला. माझा हात कुठं दिसत नाही.