मुलगा सांगतो, प्यायलेले आहेत

रस्त्याच्या कडेनं एक माणूस झोकांड्या खात येतोय. सदरा मळका, पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. बोलतो ते कळत नाही, तोंडाला आंबूस गोड वास येतोय. त्याच्याबद्दल तुम्ही काय ठरवाल, आणि ठरवायला किती वेळ घ्याल?

मला जराही वेळ लागला नाही. तो माणूस माझा बाप होता.

गाव सोडल्यापासून तिसऱ्या दिवशी, नांदेडच्या एका दवाखान्यात, डॉक्टरांनी आबांची लघवी निळ्या औषधात घालून काचेच्या नळीत तापवली. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, मग भाजक्या विटेसारखं लाल. डॉक्टर नळीकडे बघत राहिले. म्हणाले, "डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस." म्हणजे रक्तात साखर साचलेली, पण अंगाला ती वापरता येत नाही. मग अंग स्वतःची चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल वाढतं. त्यातलंच अ‍ॅसिटोन श्वासातून बाहेर पडतं. त्याचा वास दारूसारखा वाटू शकतो. माणूस मजूर असेल तर फारच लवकर वाटतो.

हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. का कळलं नाही ते लिहितो.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. दुष्काळाचं वर्ष होतं आणि आबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. त्या उन्हाळ्यात त्यांची तहान वाढली. आल्या आल्या अर्धी घागर संपवत आणि घडोघडी लघवीला जात. विहिरीच्या तळातलं पाणी वाटीनं भरून आणणारी माझी माय चिडायची. "घागर काय तुमच्या एकट्यासाठी हाय व्हय?" मीही दोनदा बोललो. आबा वाळले होते, पण त्या वर्षी कामावर कोण वाळलं नव्हतं? छन्नी लागून अंगठा चिघळला, तेही कुणाला विशेष वाटलं नाही. दुष्काळानं आजाराची एकेक खूण झाकून टाकली.

एके दिवशी दुपारीच आबा कामावरून परतले, झोकांड्या खात. दारात ओकले. मी जवळ गेलो आणि मला तो वास आला.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला मुलगा. आमच्या तरुण मंडळाचं दारूबंदीचं पत्रक मीच लिहिलं होतं. आबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून थेंबाला शिवलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरीही मी म्हणालो, "आबा, पाचवं शील मोडलंत."

ते म्हणाले, "पाणी दे."

मी दिलं नाही. आधी शुद्धीवर या, म्हणालो, आणि त्यांना दुपारभर बाहेर लिंबाखाली बसवलं.

सकाळी त्यांना उठवेना, तेव्हा एसटीनं लातूर गाठलं. जिल्हा नवाच झाला होता. लातुरातल्या ज्या दवाखान्यात गेलो तिथं खिडकीवरच्या माणसानं आबांकडं एकदा, माझ्याकडं एकदा पाहिलं.

"काय झालंय?"

मला वाटलं, खरं बोलावं. मी म्हणालो, "प्यायलेले आहेत."

त्यानं केसपेपरवर तसंच उतरवलं: मुलगा सांगतो, प्यायलेले आहेत.

त्या ओळीनंतर आबांना कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी कागद पाहिला. दारू उतरावी म्हणून त्यांना ग्लुकोजची बाटली लावली. साखरेनं मरणाऱ्या माणसाच्या शिरेत साखर. ते तळमळायला लागले तेव्हा दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधले. दुसऱ्या दिवशी आबा डोळे उघडेनात, तेव्हा आम्हाला नांदेडला पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीवर माझं वाक्य होतं, आता इंग्रजीत.

नांदेडला ते परत तळमळायला लागले, तेव्हा हात पुन्हा बांधले. श्वास खोल आणि भरभर चालला होता, धावून आल्यासारखा. आणि वास तसाच होता. तिथं मी हादरलो. दोन दिवस ग्लुकोजच्या बाटलीवर असलेल्या माणसाच्या तोंडाला दारूचा वास येईल कुठून?

मी डॉक्टरांच्या मागे गेलो. "साहेब, माझं चुकलं. ते पीत नाहीत."

डॉक्टर तरुण होते, शिकाऊ. रात्रपाळी करून डोळे लाल झालेले. त्यांनी कागद पुढे धरला. "ही माहिती तुझीच आहे ना? काल पितात, आज पीत नाहीत. जाऊन बस."

जाऊन बसलो. दारावरचा शिपाई म्हणे, बाहेर गेलास तर परत सोडणार नाही. आत माझं कुणी ऐकेना. माझ्याच दोन शब्दांत मी बापाला कोंडलं होतं आणि आता मीही आत होतो.

शेजारच्या खाटेवर उदगीरचे एक आडत व्यापारी होते. स्पेशल खोली रिकामी नव्हती म्हणून इथं. तेही आले तेव्हा धड उभे राहत नव्हते. पण त्यांना पहिला प्रश्न होता, "शेटजी, शुगरचा त्रास आहे का?" धोतर पांढरं असलं की प्रश्नच वेगळा निघतो.

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. आबा "पाणी, पाणी" पुटपुटत होते आणि आमचा तांब्या रिकामा होता. अक्का कळशी घेऊन उठल्या. थांबल्या. "कुण्या गावचे? आडनाव काय?"

मी सांगितलं.

मग त्यांनी भांडं टेकवलं नाही. मी आबांच्या तोंडाशी ओंजळ धरली आणि त्या वरून धार सोडत राहिल्या. माझे कान तापले. मनातल्या मनात मी एक अख्खं पत्रक लिहून काढलं.

पण वरून ओतत होत्या म्हणून त्यांच्या हाताला वजन कळलं. कळशी हलकी होत गेली, संपली, आणि आबांचं तोंड उघडंच होतं. अक्का खाली वाकल्या. वास घेतला.

"अय्यो, डाक्टर! इकडं या. ह्या माणसाची लघवी तपासा."

"अक्का, तो दारुडा आहे. तहान लागणारच."

"दारुडा तुमचा कागद असंल. नासक्या केळाचा वास हाय ह्यो. आमच्या मालकांना पहिल्यांदा झालं तवा ह्योच वास. पंधरा वरसं त्यांची सुई उकळून राहिले मी, मला शिकवू नका."

डॉक्टर हसले. आणि नळी घेऊन आले. मी रडून सांगितलं ते त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

इन्सुलिन सुरू झालं. इन्सुलिन म्हणजे साखर अंगाला वापरू देणारं औषध, रोज टोचून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी आबांनी मला ओळखलं. हाताच्या पट्ट्या मी सोडल्या. मनगटावर वळ उठले होते.

मी सगळं सांगितलं. खिडकीवर काय बोललो तेही.

आबा म्हणाले, "त्या लोकांचं सोड. ते मला वळखत न्हाईत. तू कामून इचारलं न्हाईस?"

मजूर, घाम, झोकांडी, वास, म्हणजे दारू: हे गणित खिडकीवरच्या माणसाचं होतं तसंच माझंही होतं. मजुरांच्या बाजूनं लिहिता लिहिता मी मजुराकडं वरूनच बघायला शिकलो होतो.

घरी सोडायच्या दिवशी कार्ड हातात आलं. त्यावरही ती ओळ होती, जुन्या कागदावरून उतरवलेली. मी कार्ड घेतलं नाही. दुपारपर्यंत टेबलापाशी उभा राहिलो. शेवटी त्याच डॉक्टरांनी ओळ खोडली, खाली सही केली आणि हळूच म्हणाले, "मीही वास घेतला नव्हता." त्यांचा राग करणं मला जमलं नाही.

अक्कांचे मी आभार मानले. बाप त्यांच्यामुळे जगला. पाणी वरून ओतलं, तेही मी विसरलेलो नाही.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. आजारी माणूस घेऊन खिडकीशी उभे राहाल तेव्हा तुम्ही पाहिलेलं तेवढंच सांगा: तहान किती, लघवी किती, जखम कुठं, वास कसला. तुमचा निकाल सांगू नका. आणि केसपेपर पुढं जाण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवायला लावा. चूक असेल तर खोडून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.