शेवटचं पान

आमच्या भाग्यश्रीचं कौतुक केलं की गडमुडशिंगीतली मंडळी म्हणत्यात, "दादासो, बायकोचं किती सांगशील?" सांगणार! बायको माझी, तोंड माझं. तुमच्या का पोटात दुखतंय?

आमचा जिनेंद्र शाळेत काय रुळला न्हाय, म्हणून हिनं त्याला घरीच शिकवायला घेतलं. तशीच घरी शिकणारी पोरं आणखी पाच-सात घरांत निघाली. मग आठवड्यातनं तीन दिवस सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरलं. कुणाची आई गणित घेणार, कुणाचा बाप चित्रकला, आणि मी मोटर रिवाइंडिंगवाला, पोरांना वायरी जोडायला शिकवणार. जागा दिली गणपतरावांनी, त्यांच्या खताच्या दुकानावरचा हॉल. त्यांची नात तेजस्वी आमच्यातच शिकती.

पहिला महिना म्हणजे नुसता बाजार! एकेकटं शिकल्यालं पोर, त्याला रांग ठावं न्हाय का पाळी ठावं न्हाय. एकीच्या पोराला दुसरीनं दटावलं की त्या दोघींचीच जुंपायची. शेवटी गणपतराव जिना चढून आले नि कडाडले, "ही शाळा हाय का जत्रा? असंच चालणार असंल तर हॉल रिकामा करा." दुसरी जागा आम्हाला कोण देणार हुतं? हॉल गेला की पोरं परत आपापल्या चार भिंतींत, हे सगळ्यांना कळत हुतं.

मी म्हटलं, छडी आणतो. भाग्यश्री म्हणाली, "छडीच पायजे असती तर पोरगं घरी कशाला आणलं असतं?" हिनं शिस्त सुरू केली ती जेवणापासनं. ह्या पोरांना भूक लागंल तवा टीव्हीपुढं बसून खायची सवय. हिनं एकच नियम घातला. सगळ्यांनी पंगतीत बसायचं, आणि शेवटच्याचं पान संपल्याबिगर कुणी उठायचं न्हाय. आईबापांनीसुद्धा! पहिल्या दिवशी काय बोंब झाली म्हणता! एक रडतंय, एक ताट बडवतंय. आमच्यातल्याच सम्राटच्या आईचा फोन वाजला, ती उठाय लागली, तर हिनं हाताला धरून खाली बसवली. पण खरं सांगू? जेवताना थांबायला शिकलेलं पोर गणितातबी थांबाय लागलं. दुसऱ्याचं बोलणं संपेस्तवर गप बसाय लागलं की!

मग हिनं गणपतरावांना जेवायलाच बोलावलं. "आबा, एकदा बघा, मग हॉलचं काय ते सांगा."

आले. पंगतीत बसले. भाकरी, मुगाची उसळ, ताक. पोरं आपली पानं संपवून बसली, गणपतरावांच्या ताटात मात्र अर्धी भाकरी तशीच. त्यांनी ताट पुढं सारलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "झालं माझं. उठा रे पोरांनो."

एकबी पोर उठलं न्हाय.

मी जिनेंद्रला डोळ्यानं खुणावलं, ऊठ की लेका! त्यानं सरळ मान हलवली. तेजस्वी म्हणाली, "आज्जा, तुझं पान ऱ्हायलंय." गणपतराव लालबुंद झाले. मी घाईघाईनं म्हणालो, "भाग्यश्री, आज पावणं हायत ते. सोड की."

"नियम सगळ्यांना, अहो." मग त्यांच्याकडं वळून, आवाज तसूभर न चढवता, "आबा, बसा. आम्हाला काय घाई न्हाय."

म्हातारा उभाच. गेला हॉल, मी मनात म्हटलं. आणि गणपतराव हळूच खाली बसले. ताकात भाकरी कुस्करत पुटपुटले, "दाढा न्हाईत मला. लय वेळ लागंल."

"लागू दे की!" तेजस्वी म्हणाली.

लागलाच वेळ. एकेक घास ते सावकाश घोळवत हुते. पोरांचे हात उष्टे, वाळून गेलेले, पण कुणी कुजबुजलं न्हाय का चुळबुळलं न्हाय. छडी आणतो म्हणणारा मी मान खाली घालून बसलो हुतो, आणि ऊर असा भरून आला म्हणून सांगू! हे माझ्या बायकोनं केलं हुतं.

शेवटचा घास संपला. गणपतरावांनी ताट बोटानं पुसून घेतलं. "हॉलचं परत इचारायचं न्हाय," ते भाग्यश्रीला म्हणाले. "शाळेच्या दिवशी माझं पान मांडत जावा."

"मांडू की," भाग्यश्री म्हणाली. "पण भाकरी टाकून का उठत हुता, आबा?"

ते ताटाकडं बघत म्हणाले, "घरात माझं जेवण अर्ध्यावर यायच्या आत सगळी उठून जात्यात. एकट्यानं बसायची लाज वाटती, म्हणून मीबी उठतो. लय वर्सांनी पोट भरलं बघ, पोरी."

तेजस्वीनं त्यांना हात दिला. ते उठले, आणि मग पोरं उठली.