टिटवीची अंडी वर हायत

मी खोटं बोलले आणि त्यातून आमच्या गावात पक्षी वाचवायची चळवळ सुरू झाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला पर्यावरणप्रेमी वगैरे म्हणायला नको.

गाव जळकोटपासून आत, धुळीच्या वाटेवर. बहात्तरच्या दुष्काळात गावानंच टोपल्यानं माती वाहून एक पाझर तलाव बांधला होता. पुढं तो क्वचितच भरला, पण थोडं पाणी साठलं तरी बगळे, बदकं, शेकाट्या कुठून कुठून यायच्या. टिटव्या तर कायमच्याच. आमच्याकडं म्हणतात, टिटवीनं तलावाच्या बुडाशी अंडी घातली तर पाऊस बेताचा, आणि वर भरावावर घातली तर तलाव भरणार. ती अंडी बघून पेरणीआधी पारावर निकाल द्यायचा मान माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा.

लागोपाठ दोन सालं त्यांनी "वर हायत" म्हणून सांगितलं आणि दोन्ही सालं पावसानं तोंड दाखवलं नाही. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, पण मामंजी पारावर गेले की लोकांना एकदम घरची कामं आठवायची. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. तिसऱ्या साली, वैशाखात आखिती झाल्यावर, त्यांनी मला हाक मारली. गुडघे धरल्यामुळं त्यांना चालवत नव्हतं.

"सूनबाई, तेवढं तळ्यावर जा अन् टिटवीनं कुठं अंडी घातलीत ते बघून ये. नीट बघ बरं का."

टळटळीत दुपार. आठ माणसांच्या भाकरी थापून मी नुकती उठलेली. हाताला चटके बसलेले आणि डोकं तव्याहून तापलेलं. म्हातारपणी यांना अंडी सुचतात, म्हणत मी निघाले, वाटेत बाभळीखाली घटकाभर बसून पदरानं वारा घेतला आणि तिथूनच माघारी फिरले.

"वर हायत, मामंजी. पार भरावावर."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग पटका बांधला, काठी घेतली आणि लंगडत पारावर गेले. "यंदा सांडवा वाहणार, बिनघोर पेरा," असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. त्या रात्री ते दोन भाकरी जेवले. मी मात्र ताट तसंच सारलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तळ्यावर पळाले. अंडी होती. चार. तळ्याच्या पार बुडाशी, उरल्यासुरल्या डबक्याच्या कडेला.

"अगं भवाने," मी टिटवीला म्हणाले, "एवढा मोठा भराव मोकळा पडलाय अन् तुला हीच जागा गावली व्हय?" ती माझ्या डोक्यावरून ओरडत गेली. तिचंही चुकलं नव्हतं म्हणा.

एवढ्यात दूध सोसायटीचे चेअरमन गाळ बघायला आले. सोमवारपासून तळ्यात गाड्या घालून गाळ काढायचं ठरलं होतं. गाड्या आल्या असत्या तर अंडी बुडाशी सगळ्यांना दिसली असती, मग अंडी गेली असती आणि मामंजींची अब्रूही. मी पदर खोचला.

"अंड्याला धक्का लागला तर पावसाला लागंल. गाड्या घालाच तुम्ही, मी गावात सांगते कुणी पाऊस घालवला ते!"

चेअरमन घाबरले. त्या काळात चार माणसं जमली की सोसायटी व्हायची, तशी संध्याकाळपर्यंत टिटवी संरक्षण मंडळ स्थापन झालंसुद्धा. चेअरमन तेच, एक व्हाइस चेअरमन, एक सेक्रेटरी आणि सहा संचालक. अंडी मात्र चारच. नियम मी सांगितला: कुणीही सांडव्याच्या पुढं जायचं नाही, लांबूनच बघायचं, टिटवी लाजाळू असते. टिटवी आणि लाजाळू! पण संचालकांना ते पटलं.

गाळाच्या गाड्या थांबल्या. गुरं दुसरीकडं न्यायची ठरली, फासे लावणाऱ्यांना तंबी मिळाली. एक जुना पैलवान सांडव्याशी राखणीला बसला. टिटवी त्याच्या टकलावर झेप घ्यायची म्हणून तो दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर धरून फिरायचा. बातमी पसरली तशी आसपासच्या गावांतून पाऊस बघायला बैलगाड्या यायला लागल्या. उमरग्याकडचा एक ट्रक हमरस्ता सोडून माणसं घेऊन आला. सांडव्याजवळ भज्यांची कढई लागली. सांडव्यावरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं, पण एवढ्या लांबून येऊन तसं म्हणायचं कुणी? जो तो एकेका दगडाकडं बोट दाखवून "ती बघा, ती बघा!" म्हणायचा आणि भजी खायचा.

इकडं माझा जीव टांगणीला. सासूबाई अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीची जागा बदलायच्या तेव्हा टोपलं एकदम उचलायच्या नाहीत, रोज हातभर सरकवायच्या. मी तेच धरलं. भर दुपारी पैलवान घोरायला लागला की खाली उतरायचं, हातभर वर नवा खळगा करायचा, खडे मांडायचे आणि अंडी त्यात ठेवायची. टिटवी शिव्या घालायची, मग येऊन बसायची. आठ दिवसांत आठ हात झाले. भराव दोनशे पावलं लांब. दिवाळीपर्यंतही पोचले नसते. नाद सोडला.

मग चेअरमननी टूम काढली, मृगाआधी मामंजींना गाडीत बसवून न्यायचं आणि त्यांच्या हातानं सगळ्यांना अंडी दाखवायची. आदल्या दुपारी मी तळ्यात गेले तर खळगा रिकामा. मुंगसानं खाल्ली असणार. मी तिथंच मातीत बसून रडले. मामंजींसाठी रडले, आणि खरं सांगते, त्या शिवराळ टिटवीसाठीही.

सकाळी सगळं गाव भरावावर. मामंजी गाडीतून उतरले. "कुठं हायत?" चेअरमननी विचारलं. मामंजींनी नुसतीच काठी उचलली. मी कबूल करायला तोंड उघडलं, तेवढ्यात टिटवी कडाडत आली आणि थेट चेअरमनच्या टोपीवर झेपावली.

पैलवान झाकण टाकून ओरडला, "थांबा! पाय टेकू नका! पिल्लू हाय!"

त्याच्या पायाशी लिंबाएवढं एक पिल्लू अंग चोरून बसलं होतं. चार पावलांवर दुसरं. आणखी कुठं असतील कुणाला ठाऊक. ज्याचा पाय वर होता त्याचा वरच राहिला. संचालक मंडळ, भजीवाला, ट्रकवाला, सगळं गाव एकमेकांचे खांदे धरून एका पायावर उभं. वर टिटवी सगळ्यांचा उद्धार करतेय. अंडी खाल्ली नव्हती, फुटली होती, आणि पिल्लं आपल्या पायांनी वर आली होती.

"वरच हायत की!" कुणीतरी ओरडलं.

"मग काय सांगत हुतो?" मामंजी म्हणाले.

परत येताना गाडीत आम्ही दोघंच. ते हळूच म्हणाले, "अंडी खालीच हुती न्हवं?"

मी मान खाली घातली. "तुम्हाला कसं कळलं?"

"त्या दिशी तुझ्या पायाला तळ्याचा गाळ नव्हता, अन् पुढं रोज गाळ घेऊनच यायला लागलीस." मग म्हणाले, "म्या बी कवा बघायला गेलो न्हाय, पोरी. दरसाल वरच सांगितलं. खाली म्हणलं तर माणूस पेरंल का? यंदा भ्या वाटलं, म्हणलं एकदा खरं बघू. तर तू बी माझ्यावाणीच निघालीस."

त्या साली तळं निम्मं भरलं. मंडळ टिकलं, नियम टिकले, पाखरं वाढली. पुढच्या उन्हाळ्यात मामंजींनी मला पुन्हा धाडलं. या खेपेला मी खरंच गेले. अंडी बुडाशीच होती. घरी येऊन पायाचा गाळ दारातच धुतला आणि आत गेले.

"वर हायत, मामंजी."

"मग पटका दे," ते म्हणाले.