कबुतरं, डास आणि शेजारचे नाना

आमच्या मेहरूणच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून दर अंगणात ड्रम. ड्रम तिथं डास, आणि डास तिथं किस्से. दहावीचं पुस्तक पाठ झालं नाही, पण हे किस्से बठ्ठेच्या बठ्ठे पाठ आहेत.

मागच्या वर्षी आईला डेंग्यू झाला. बाबांनी सगळं खापर माझ्या अकरा कबुतरांच्या पाण्यावर फोडलं. "सर्व्हेवाल्या ताईंना अंगणात डासाची एक अळी दिसली, की कबुतरं भडगावला मामाकडे!"
मामा कबुतरं पाळत नाही. खातो.

*

बाबांनी संध्याकाळी अंगणात कडुलिंबाचा पाला पेटवला. धूर असा झाला की आम्ही गेटवर खोकत उभे, आणि डास घरात फॅनखाली.

*

शेजारचे नाना म्हणजे डास मारायच्या रॅकेटवाले. एकदा रॅकेटचं चार्जिंग संपलेलं. मी भिंतीमागं बसलो, आणि नानांनी हात फिरवला की तोंडानं "टाक्!" करायचो. नाना खुश. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सांगत होते, काल चाळीस पाडले.

*

मग मी तलावातून अळ्या खाणारे गप्पी मासे आणून नानांच्या ड्रममध्ये सोडले. नाना पक्के शाकाहारी, भडकले. म्हटलं, "नाना, तुम्ही कुठं खाताय? खायचंय माशांनी."
नानांनी मासे गाळून परत माझ्या हातात दिले.

*

आठवड्यातून एक दिवस ड्रम रिकामे करायचे, असा ताईंचा नियम. मी आमचा घासून कोरडा ठेवायचो, कबुतरांची भांडीसुद्धा. पण नानांची बायको, साक्रीकडची अक्का, पाणी फेकेल तर शपथ. तपासायला ताई आधी त्यांच्याकडे यायच्या, मग आमच्याकडे. म्हणून अक्का आपलं पाणी भिंतीवरून आमच्या ड्रममध्ये द्यायची आणि ताई तिच्या गेटबाहेर पडल्या की बादल्या परत घ्यायची. आईला नाही म्हणवत नव्हतं.

त्या दिवशी ताई आधी आमच्याकडे आल्या.

टॉर्च मारला. ड्रमात अळ्या वळवळत होत्या. बाबा सरळ कबुतरांची टोपली आणायला गेले. अक्काचं नाव घ्यावं, तर आई डोळे वटारून उभी.

ताईंनी ओतायला ड्रम कलता केला, तसं भिंतीवरून अक्काचं डोकं वर आलं.
"ओ ताई, वतू नका! पाणी मनं शे ते!"
ताई थांबल्या. "पाणी तुमचं, आणि अळ्या?"
"अळ्या यास्न्या," अक्का आमच्याकडे बोट करून म्हणाली.
"पाणी कधी दिलंत यांना?"
बाबा टोपली घेऊन दारातच थांबले.
अक्का म्हणाली, "आत्तेच. दहा मिन्टं बी नई झाले."