छातीतलं मांजर आणि नानांची टोपी

माझी लेक चार वर्षांची असताना तिच्या छातीत मांजर शिरलं. निदान तिचं स्वतःचं तसं ठाम मत होतं.

आम्ही तेव्हा शिरपूरला राहायचो. नवरा दीपनगरला नोकरीला, सणावाराला घरी यायचा. घरात मी, लेक आणि माझे सासरे. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. कपाशीची वेचणी चालू होती, थंडी मी म्हणत होती. लेकीला सर्दी झाली, ती छातीत उतरली, आणि श्वास सोडताना आतून बारीक घुरघुर ऐकू यायला लागली.

"आई, ऐक ना. मांजर बोलतंय."

नानांनी तिच्या छातीला कान लावला. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मांजर नही. मन्हा कानले तं बोका वाटस."

झालं. त्या दिवसापासून दूध प्यायचं तर एक घोट तिचा, एक बोक्याचा. एरवी दुधाला तोंड वाकडं करणारी पोर बोक्यापायी वाटीभर दूध संपवायला लागली, म्हणून मीही काही बोलले नाही.

शेजारच्या मारवाडी दुकानदाराची बायको, आम्ही तिला भाभी म्हणायचो, बिब्बा घेऊन आली. "गरम करून छातीवर एक ठिपका द्या, आवाज बंद!" चार वर्षांच्या पोरीच्या कातडीवर बिब्बा उतला तर काय होतं ते मी माहेरी पाहिलं होतं. मी ओव्याची पुरचुंडी कोमट करून शेकलं आणि बिब्बा नमस्कार करून परत पाठवला. भाभीने माझ्याशी अबोलाच धरला.

पण ताप काही उतरेना. मग मी लेकीला शालीत गुंडाळलं आणि एस.टी.ने धुळ्याला निघाले. नाना बरोबर आलेच. डॉक्टरांनी नळी छातीला लावली तशी लेक म्हणाली, "हळू. तो झोपलाय."

"कोण झोपलाय?"

"बोका."

डॉक्टरांनी मान डोलावली, छातीच्या दोन्ही बाजूंनी, पाठीवरून नीट ऐकलं आणि मला समजावून सांगितलं. श्वासाच्या नळ्या आतून सुजल्यात, त्यात कफ आहे. हवा त्यातून वाट काढते म्हणून आवाज येतो. याला ब्राँकायटिस म्हणतात. तापाचं औषध दिलंय. कोमट पाणी, पेज, सूप थोडं थोडं पाजत राहा. खोकला दाबू नका, तोच कफ बाहेर काढतो. ताप गेला तरी खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळेल, घाबरू नका. मात्र श्वास जोरजोरात चालला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, ओठ निळसर दिसले किंवा पिणं बंद झालं, तर एस.टी.ची वाट न पाहता मिळेल त्या गाडीने या.

"आन सुई?" नाना म्हणाले. "सुई नही टोची तं डॉक्टर कसाना?"

"तिला गरज नाही. तुम्हाला हवी असेल तर देतो."

नाना मागे सरकले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात बिडी कोण ओढतं?"

मी पदर सावरून जमिनीकडे पाहिलं. सासऱ्यांचं नाव कसं घेणार? लेकीने बोट दाखवलं.

"मी पेत नही," नाना म्हणाले. "मी नुसती हातम्हा धरस. ती आपलीआपली जळस."

"मग ती शेतात जाऊन धरा," डॉक्टर म्हणाले. "आणि सूनबाई, चुलीजवळ पोरीला बसवू नका. धूर धूरच असतो."

घरी आल्यावर पहाऱ्याचं काम लेकीने घेतलं. मांडीवर बसण्याआधी ती नानांचे हात हुंगायची, मग मिशा, मग सदरा. नाना शेतात बिडी ओढून यायचे, विहिरीवर चूळ भरायचे, सदरा बदलायचे, मूठभर बडीशेप चावायचे. एकदा सगळी तपासणी पार पडली, तेवढ्यात ती ओरडली, "टोपी!"

झोपेतसुद्धा टोपी न काढणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी ती मुकाट्याने माझ्या हातात दिली. त्यांचं टक्कल मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. ओठ चावत मी टोपी भिजत घातली.

वाफेचाही एक प्रसंग झाला. उकळत्या पातेल्यावर पोरीला वाकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी न्हाणीत कोपऱ्यात गरम पाण्याची बादली ठेवून वर फळी टाकली. लेक एकटी बसेना. शेवटी नाना तिला मांडीवर घेऊन दूर पाटावर बसले, मी दारात उभी. लेकीला मजा वाटत होती. नानांची छाती मात्र मोकळी झाली आणि ते असे खोकायला लागले की भाभी अबोला विसरून धावत आली.

"अरे राम! भिंत पडली का?"

डाळीचे फुनके वाफवावेत तसे उकडलेले, बोडके नाना न्हाणीतून बाहेर आले. भाभी पदर तोंडात कोंबून घरी पळाली.

ताप दोन दिवसांत उतरला. खोकला डॉक्टर म्हणाले तसाच रेंगाळला. एका सकाळी लेकीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, श्वास घेतला, सोडला, आणि भोकाड पसरलं. बोका न सांगता निघून गेला होता. मला आनंदाने रडू येत होतं आणि ती दुःखाने रडत होती. नानांनी तिला खांद्यावर घेऊन गल्लीतली सगळी मांजरं दाखवून आणली, तेव्हा कुठे ती गप्प झाली.

पुढच्या खेपेला धुळ्याला डॉक्टरांनी लेकीला पास केलं आणि नळी नानांच्या छातीला लावली. ऐकताना डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. नाना परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसले होते, मांडीवर त्यांच्याच खोकल्याच्या औषधाची बाटली. नरडाण्याच्या थांब्यावर, लेक माझ्या कुशीत झोपलेली पाहून, ते मला हळूच म्हणाले, "कडू शे का व, हाई?"

"कडूच असेल, नाना."

"मंग पोरले सांगू नको. हासी ती."