मरळीसाठी गाऱ्हाणं

माझा नवरा दर रविवारी मासे पकडायला जातो आणि रिकाम्या हातांनी घरी येतो. मासे मिळत नाहीत असं नाही. मिळतात, हा त्यांना कौतुकाने बघतो आणि परत पाण्यात सोडून देतो. मालवणी घरात असा मुलगा निपजला याचं सासूबाईंना मनापासून दुःख. तो गळ घेऊन निघाला की त्या पिशवी घेऊन मुलुंडच्या बाजारात जात. “सोडूचीच होती तर धरलंस कित्याक?” असं त्या विचारत.

डोंगराच्या पायथ्याशी नवऱ्याच्या मासेमारीच्या ग्रुपचं तळं आहे. त्यात रोहू-कटला आणून सोडलेले, पण मरळ मूळची तिथलीच, कुणीही न सोडलेली. नवऱ्याचा जीव मरळीत. त्यातही शेपटीला खाच असलेली एक जाडजूड मरळ त्याला इतक्यांदा लागली होती, की मी तिला सवतच म्हणायचे.

एका हिवाळ्यात तळ्यातल्या मरळींच्या अंगावर लाल जखमा दिसू लागल्या. खाचवालीच्या पाठीवर तर रुपयाएवढी. त्या दिवशी नवरा जेवलाच नाही. मत्स्यखात्यातल्या ओळखीच्या बाईंना त्याने फोन केला. त्या म्हणाल्या, थंडीतला आजार आहे, शांतपणे राहू दिलं तर बऱ्याच बऱ्या होतील. पण गळाला लावून हाताळलं की अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि जखम वाढते. म्हणजे इतकी वर्षं ज्या सोडून देण्याचा त्याला अभिमान, तेच आता मरळीच्या जिवावर उठलं होतं. मासेमारी बंद करायला हवी, असं त्याने ठरवलं.

पण ग्रुपची स्पर्धा तोंडावर आली होती. ग्रुपचे प्रमुख घाटकोपरचे एक दातांचे डॉक्टर, मूळचे कुडाळचे. त्यांनी टी-शर्टसुद्धा छापून घेतले होते. मासे आपोआप बरे होतात, स्पर्धा आपोआप होत नाही, असं त्यांचं म्हणणं. तोवर निदान रोग इकडून तिकडे जाऊ नये म्हणून नवऱ्याने सगळ्यांच्या जाळ्या आणून आमच्या बाथरूममध्ये जंतू मारणाऱ्या पोटॅशच्या पाण्यात बुडवल्या. बादली तपकिरी झाली, टॉवेल तपकिरी झाला, माझी नखंही. सासूबाईंचा पांढरा पंचा गेला तेव्हा मात्र त्यांनी या प्रकरणात लक्ष घातलं.

शेवटी आमच्याच हॉलमध्ये बैठक बसली. सासूबाईंनी तळलेली सुरमई पुढ्यात ठेवली आणि मंडळी माशांच्या आरोग्यावर तावातावाने बोलत ताट साफ करू लागली. डॉक्टर काही ऐकेनात. “यार, एका रविवारने काय होतंय?” एवढंच त्यांचं पालुपद. नवऱ्याचा आवाज चढला, मग बसला. आता हा रडणार, असं मला वाटलं आणि मला त्याची फार दया आली.

तेवढ्यात सासूबाई देव्हाऱ्यासमोर नारळ घेऊन उभ्या राहिल्या. गावी देवासमोर असं गाऱ्हाणं घालायचं ते पुरुषांनी, पण मुलुंडमध्ये त्यांना अडवणार कोण? “बा देवा म्हाराजा! ह्या तळ्यातल्या माशांच्या अंगार जो काय रोग इलो आसा, तो बाराच्या वाटेन दूर कर रे म्हाराजा!”

गाऱ्हाणं कानावर पडलं की कोकणातला माणूस साथ दिल्याशिवाय राहत नाही. तोंडात तुकडा असूनही डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

“आणि रोग जाईसर जो कोण थंय गळ टाकीत, तेका फाटक्या चपलेशिवाय काय एक गावा नये रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” म्हणून झाल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आलं, की रोग जाईपर्यंतची मासेमारी आपणच बंद करून टाकली. पण आता देवासमोर बोलून गेले होते. टी-शर्ट त्यांनी दवाखान्यातल्या पोरांना वाटून टाकले.

नवऱ्याचे रविवार मोकळे झाले आणि माझी वाट लागली. त्याने माझे मसाल्याचे डबे उंचीनुसार लावले. भांडी न आदळता कशी ठेवायची ते मला शिकवू लागला. मासे लवकर बरे होवोत म्हणून माझ्याइतक्या तळमळीने प्रार्थना त्या तळ्यासाठी कुणी केली नसेल.

उन्हाळ्यात जखमा भरल्या. पावसाळा रुळल्यावर तळं पुन्हा खुलं करायचं ठरलं. देवाचा नारळ द्यायला सासूबाईही आल्या, त्यांच्यामागे मीही. नवरा गळ जोडू लागला. इतक्यात काठाजवळच्या गवतात केशरी पिल्लांचा झुबका वर आला, आणि त्याच्याखाली ती. शेपटीला खाच, पाठीवर भरलेला पांढरा व्रण. पिल्लांवरून हलायला तयार नव्हती.

सासूबाई वाकून पिल्लं बघू लागल्या. माशाच्या पोटातल्या अंड्यांसाठी, गाबोळीसाठी जीव टाकणारी ही बाई. मग त्यांनी नारळ हातात घेतला.

“बा देवा म्हाराजा! हिची पोरां मोठी होईसर...”

पुढे काय येणार ते आता सगळ्यांना कळत होतं. डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटले. कुणी साथ देईना. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो गळ पुन्हा सुटा करून पिशवीत भरत होता, आणि मान खाली घालूनच म्हणाला, “व्हय म्हाराजा.”