कुणालाही उचलावं लागणार नाही
सुकत घातलेले बोंबील आणि डिझेल यांचा वास एकत्र आला की मला अजूनही मार्वेच्या धक्क्यावरची ती सकाळ आठवते. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मैत्रिणीसह आम्ही सातजण खाडीपलीकडे मनोरीला निघालो होतो. सहलीच्या पत्रकात मी ठळक अक्षरांत छापलं होतं, 'कुणालाही उचलावं लागणार नाही.' फोनवर विचारलं तेव्हा बोटवाले म्हणाले होते, "बाईक चढते, मग खुर्ची का नाही?" भरती-ओहोटीचं मी विचारलंच नव्हतं. आता ओहोटी होती, बोट धक्क्याच्या खूप खाली डुलत होती आणि तिच्यावर टाकलेली फळी घसरगुंडीसारखी उभी झाली होती. "ताई, उचलून घेतो ना, दोन मिनिटांचं काम," एक खलाशी पुढे येत म्हणाला. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "चला ना यार, लवकर!" मी मागे वळून रांगेकडे पाहिलं. मैत्रिणीनं खलाशाला विचारलं, "पाणी कधी चढेल, दादा?" "अडीच-तीन तास लागतील." तिनं खटकन चाकांचा ब्रेक लावला. "मग थांबते. मी काय मासळीची टोपली आहे, उचलायला?" बोट सुटली, आम्ही सातही मागे राहिलो. मी सॉरी म्हणू लागले, तर ती म्हणाली, "सॉरी राहू दे गं, आधी सावली शोध." आज मी अपंगांच्या हक्कांवर तावातावानं बोलते, पण एक गोष्ट कुठल्याच पत्रकात लिहिलेली नाही. तिनं ब्रेक लावला नसता, तर त्या ओरडण्याला घाबरून मी खलाशाला म्हणणारच होते, "उचला."